ग्लासगोत नळाला पाणी होतं

हवामान बदलावरची जागतिक परिषद, बाहेर रपरप पाऊस आणि डोक्यात मात्र जायकवाडी! परदेशात शिकणाऱ्या संभाजीनगरच्या मुलीची ही सफर क्लाइड नदीकाठी सुरू होते आणि थेट पैठण रोडला लागते.

जगातल्या सगळ्यात मोठ्या हवामान परिषदेचं तिकीट फुकट होतं, हे कुणाला सांगितलं तर खरंच वाटत नाही. अर्थात जिथे मोदी, बायडेन, बोरिस जॉन्सन वगैरे बडी मंडळी बसली होती, तिथलं नव्हे. तो ‘ब्लू झोन’. गळ्यात संयुक्त राष्ट्रांचा पास नसेल तर तिथे चिटपाखरूही शिरत नाही. पण नदीच्या पलीकडच्या काठावर, ग्लासगो सायन्स सेंटरमध्ये ‘ग्रीन झोन’ होता. तो तुमच्या-आमच्यासाठी. ऑनलाइन नाव नोंदवायचं, मास्क लावायचा (करोनाचे दिवस होते!) आणि बिनधास्त आत जायचं.

तारखा ३१ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२१. परिषदेचं नाव ‘कॉप-२६’. पोलिसांशी काही संबंध नाही. ‘कॉन्फरन्स ऑफ द पार्टीज’चं हे लघुरूप, आणि या पार्ट्या म्हणजे १९९२च्या हवामान करारात सामील झालेले देश. मी तेव्हा ग्लासगोत मास्टर्स करत होते. परिषद आपल्याच गावात आली म्हणजे शेजारी लग्नाचा मांडव पडल्यासारखं. जेवणाचं बोलावणं नसलं म्हणून काय झालं, बघायला जायला कोण अडवतंय?

तिकीट फुकट, पाऊसही फुकट

आधी गावाची ओळख. ग्लासगो म्हणजे जुनं कामगारांचं शहर. एके काळी क्लाइडकाठी जहाजं बांधली जायची. त्या काळातली फिनिस्टनची अवाढव्य क्रेन अजून नदीकाठी उभी आहे, आणि परिषदेचं केंद्र तिच्या अगदी शेजारी. वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस, तोही बारा महिने थोडा थोडा. त्या ओल्या, करड्या, कंटाळवाण्या हवेला तिथे खास शब्द आहे, ‘ड्रीख’. आपल्याकडे साधारण सातशे मिलिमीटर, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकून घ्यायचा. ‘ड्रीख’ला मराठी शब्द नाही, कारण आपल्याला त्याची कधी गरजच पडली नाही.

परिषदेच्या काळात घरभाडी आकाशाला भिडली होती. त्यात पहिल्याच आठवड्यात सफाई कामगारांचा संप. म्हणजे पृथ्वी वाचवायला आलेले पाहुणे हॉटेलातून बाहेर पडले की समोर कचऱ्यानं ओसंडणारे डबे! ग्रीन झोनमध्ये मात्र सगळं चकाचक. कंपन्यांचे स्टॉल, टचस्क्रीन, शाळकरी मुलांसाठी खेळ, आयमॅक्समध्ये चर्चासत्रं. रोज एक विषय. एक दिवस ऊर्जेचा, एक दिवस तरुणांचा. ८ नोव्हेंबरचा विषय होता ‘अ‍ॅडाप्टेशन, लॉस अँड डॅमेज’. म्हणजे बदललेल्या हवामानाशी जुळवून कसं घ्यायचं, आणि जे जुळवून घेण्यापलीकडे गेलं, त्या नुकसानीचं काय करायचं.

त्या रात्री साडेबाराला आईचा फोन आला. आपल्याकडे सकाळचे सहा.

‘‘काय गं, कसली परिषद आहे म्हणे तिकडं?’’

‘‘हवामान बदलाची, आई.’’

‘‘बरं. पाऊस पडतोय का तिथं?’’

‘‘रोज.’’

‘‘मग कसला बदल गं? थांब, थांब, पाणी आलं वाटतं. ठेवते.’’

फोन कट.

ज्यांचं बालपण सिडकोत, गारखेड्यात किंवा टीव्ही सेंटरच्या आसपास गेलं, त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही. आधी मोटर लावायची. खालची टाकी, मग वरची टाकी, मग ड्रम, बादल्या, कळशा, शेवटी चहाची पातेली. आपलं झालं की शेजारच्या काकूंना हाक मारायची, ‘‘पाणी आलंय!’’ शहरात पाण्याचा दिवस हा सणासारखा कॅलेंडरवर असतो. कुणाकडे पाहुणे कधी बोलवायचे, गाद्यांच्या खोळी कधी धुवायच्या, सगळं त्यावर ठरतं. दिवसभर हॉलमध्ये ज्या शब्दावर स्लाइडमागून स्लाइड दाखवल्या गेल्या, ते ‘अ‍ॅडाप्टेशन’ आई गेली वीस वर्षं करत होती. तिला कुणी पॅनलवर बोलावलं नव्हतं, एवढंच!

कारंज्यापासून मैदानापर्यंत

६ नोव्हेंबर, शनिवार. त्या दिवशी खरी परिषद रस्त्यावर होती. भर पावसात, वाऱ्यात मोर्चा निघाला. आयोजकांच्या हिशेबानं लाखभर माणसं. बाबागाड्यांतली पोरं, ढोलवाले, शेतकरी, नन्स, पाठीवर कागदी कासव बांधलेले आजोबा. केल्व्हिनग्रोव्ह पार्कमधून निघायचं आणि ग्लासगो ग्रीन नावाच्या मैदानावर संपवायचं.

आता गंमत बघा. केल्व्हिनग्रोव्ह पार्कमध्ये एक भलंमोठं दगडी कारंजं आहे. ते कुणा राजाचं किंवा सेनापतीचं स्मारक नाही. ते आहे नळाच्या पाण्याचं! एकोणिसाव्या शतकात ग्लासगो कॉलऱ्यानं बेजार होतं. १८३२ची साथ, १८४८-४९ची साथ, प्रत्येक वेळी हजारो माणसं दगावली. शेवटी शहरानं पाणी खासगी कंपन्यांच्या हातातून काढून स्वतःकडे घेतलं आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या लॉक कॅट्रिन या डोंगरातल्या तळ्यापासून कालवा आणि बोगदे खणले. पंप नाही, काही नाही. सगळा प्रवास उताराचा. १८५९मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरिया उद्घाटनाला आली होती. ही योजना रेटणारे तेव्हाचे नगरप्रमुख रॉबर्ट स्ट्युअर्ट यांच्या स्मरणार्थ ते कारंजं. आजही ग्लासगोच्या नळाला मुख्यतः तेच पाणी येतं.

मोर्चा जिथे संपला त्या ग्लासगो ग्रीनचीही एक गोष्ट आहे. १७६५मध्ये एका रविवारी जेम्स वॉट या मैदानात फिरायला आला होता. चालता चालता त्याला वाफेच्या इंजिनात वेगळा कंडेन्सर बसवायची कल्पना सुचली. तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागू लागला, इंजिन परवडू लागलं आणि गिरण्यांपासून आगगाड्यांपर्यंत सगळीकडे कोळशाचा धूर निघू लागला. म्हणजे आम्ही लाखभर लोक नळाच्या स्मारकापासून चालत निघालो आणि धुराच्या जन्मस्थळी जाऊन पोचलो. मुद्दाम ठरवूनही असा रूट कुणाला जमला नसता.

वरचे आणि खालचे

परिषद एक दिवस लांबली. १३ नोव्हेंबरच्या रात्री मसुदा मंजूर होताना भारतानं कोळशाच्या वाक्यात एक शब्द बदलायला लावला. ‘फेज आउट’च्या जागी ‘फेज डाउन’. म्हणजे कोळसा बंद करायचा नाही, कमी कमी करत जायचा. अध्यक्ष आलोक शर्मा (जन्म आग्र्याचा बरं का!) व्यासपीठावर माफी मागताना गहिवरले आणि ते दृश्य जगभर दिसलं. सोमवारी वर्गात सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. जणू तो शब्द मीच बदलला होता!

एका स्कॉटिश मैत्रिणीनं सरळच विचारलं, ‘‘तुम्ही असं का केलंत?’’

मी तिला गोदावरी सांगितली. म्हटलं, समज एक नदी आहे. वरच्या अंगाला नाशिक, नगर. तिथे धरणं आधी झाली. भंडारदरा तर १९२६चं. त्या पाण्यावर ऊस आला, द्राक्षं आली, साखर कारखाने आले, कॉलेजं आली. खालच्या अंगाला आमचा मराठवाडा. आमचं जायकवाडी १९७६चं. चांगला पाऊस झाला तर प्रश्नच नाही. पण कमी झाला की वरची धरणं भरतात आणि खाली कोरडं पात्र. वरचे म्हणतात, आम्ही आधी आलो, आमच्या बागा जळतील. खालचे म्हणतात, नदी काय तुमच्या एकट्याची आहे?

हे नुसतं रडगाणं नाही, यावर कायदा आहे. २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचं कलम आलं. मग मेंढेगिरी समितीनं २०१३मध्ये सूत्र दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरून पाणी सोडायचं. हे मेंढेगिरी कोण? आपल्या कांचनवाडीतल्या ‘वाल्मी’चे तेव्हाचे महासंचालक! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०१६मध्ये निकाल आला, तरी तंटा मिटलेला नाही. २०२३मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला. त्यावर आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पाणी प्रत्यक्ष निघायला नोव्हेंबर संपत आला.

जागतिक हवामानाचं भांडण तंतोतंत हेच आहे. आकाश एकच. श्रीमंत देशांनी दोनशे वर्षं आधी धूर सोडून घेतला. आता उरलेली जागा वाटून घ्यायची म्हटल्यावर सगळ्यांना सारखा नियम सुचतो. २००९मध्ये कोपनहेगनला त्यांनी कबूल केलं होतं की २०२०पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर मिळू लागतील. आम्ही ग्लासगोत भिजत होतो तेव्हा ती मुदत उलटून गेली होती आणि आकडा गाठलेला नव्हता. तो गाठला गेला २०२२मध्ये. त्यामुळे ‘क्लायमेट जस्टिस’ हा फंडा मराठवाड्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो ऑक्टोबर आला की धरणाच्या टक्केवारीतून आपोआप कळतो.

मैत्रिणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘पटलं. पण मग तुमच्या खाली कोण आहे?’’

तुमच्या खाली कोण?

प्रश्न साधा होता, पण डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात तुवालू या चिमुकल्या बेटदेशाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांचा व्हिडिओ गाजला होता. सूट-टाय घालून, गुडघाभर समुद्राच्या पाण्यात उभं राहून त्यांनी परिषदेला भाषण केलं. त्यांच्यासाठी ‘आउट’ आणि ‘डाउन’ यातला फरक म्हणजे देश राहील की बुडेल, एवढा. आपण श्रीमंत देशांच्या खाली आहोत हे खरं. तुवालू आपल्याही खाली आहे, हेही तितकंच खरं.

आणि घरच्या नदीवर? जायकवाडीच्या खाली परभणी आहे, नांदेड आहे. नाथसागराच्या तळाशी जी गावं गेली, ती माणसं आहेत. वरच्यांच्या उसाला आपण नावं ठेवतो, पण मराठवाड्यातही कारखान्यांची धुराडी आणि उसाचे फड काही कमी नाहीत. एप्रिल २०१६चा उन्हाळा आठवतो? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेत होते, जायकवाडीतला उपयुक्त साठा शून्यावर गेला होता. तेव्हा उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात ५० ते ६० टक्के कपात करायला सांगावं लागलं. पाणी नव्हतं हे खरंच, पण जे होतं ते कुणाकडे आधी जायचं, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

मग आपली गल्ली. ज्याच्या घरी मोठी टाकी, बोअर आणि दमदार मोटर, तो वरचा. ज्याच्याकडे दोन ड्रम आणि टॅंकरवाल्याचा नंबर, तो खालचा. आम्ही टाकीवाले. आठ दिवसांनी पाणी आलं तरी आमचं भागतं. वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई पाण्याच्या दिवशी कामावर येत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी मजुरी नाही. ‘लॉस अँड डॅमेज’चा याहून छोटा आणि याहून स्पष्ट हिशेब मला ग्लासगोच्या कुठल्याच स्लाइडवर दिसला नाही.

धरण भरलेलं, नळ कोरडा

आता सगळ्यात बोचरी गोष्ट. २०२१ हे दुष्काळी वर्ष नव्हतं! सप्टेंबरच्या शेवटी ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी मराठवाड्याला झोडपलं, सोयाबीन पाण्यात गेलं, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले. म्हणजे आईनं फोन ठेवून मोटर लावली तेव्हा धरण काठोकाठ होतं. आणि पुढच्या मे महिन्यात, २०२२ला, पाण्यासाठी शहरात जंगी मोर्चा निघाला.

कारण सोपं आहे. धरण पैठणला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. ग्लासगोचं तळंही तेवढंच लांब, पण तिथलं पाणी उतारानं येतं. आपलं पाणी चढावर! धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, शहर ५६०-५७० मीटरवर. प्रत्येक बादली शंभर मीटर उचलून आणावी लागते. त्यासाठी वीज लागते. ती बरीचशी कोळशातून येते, आणि तो धूर पुन्हा त्याच आकाशात जातो. जुन्या जलवाहिन्या सत्तरच्या आणि नव्वदच्या दशकातल्या, शहर मात्र चौफेर वाढलेलं. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२०मध्ये झालं. पुढे खर्चाचा आकडा २,७४० कोटींवर गेला. नव्या पाइपचा व्यास अडीच मीटर, आत माणूस हात वर करून उभा राहील एवढा.

हवामान बदलावर काम करायचं म्हटलं की आपल्याला सोलर पॅनल आणि वृक्षारोपणाचा सेल्फी आठवतो. पण पाऊस लहरी झाल्यावर शहराला वाचवतं ते असलं रटाळ, न दिसणारं काम. पाइप, पंप, व्हॉल्व्ह, गळती. ग्लासगोनं ते केलं, कारण कॉलरा गरिबाच्या घरातून निघून श्रीमंताच्या घरातही शिरत होता. वरच्याला खालच्याशी देणंघेणं उरलं नाही तर पाइप लांबणीवर पडतो. वरच्याचं टॅंकरवर भागतंच की!

विशेष म्हणजे असं काम याच शहरात चारशे वर्षांपूर्वी झालं होतं. १६१०मध्ये खडकीला राजधानी वसवणारा मलिक अंबर इथला नव्हताच. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उतारानं शहरात आणलं. पैठणकडे न बघता उत्तरेच्या डोंगरांकडे बघितलं, म्हणून चढाचा प्रश्नच आला नाही. ती नहर-ए-अंबरी कित्येक पिढ्यांना पुरली. पुढे वस्ती वाढली, पाया खणताना नहर फुटत गेली, आणि आपण ती विसरूनही गेलो. लाखोंच्या शहराची तहान आता तिच्यावर भागणार नाही, हे उघड आहे. पण इथे पाणी नाही म्हणून शहर टिकणार नाही असं कुणी म्हणालं, की मला अंबरच आठवतो.

फेब्रुवारी २०२३मध्ये जगच आपल्याकडे आलं. जी-२०च्या महिला गटाची, ‘डब्ल्यू-२०’ची पहिली बैठक २७ आणि २८ तारखेला इथे झाली. त्यांच्या पाच विषयांपैकी एक होता हवामान बदल आणि महिला. रस्ते चकचकीत झाले, भिंती रंगल्या, रोषणाई झाली. त्याच दिवसांत शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते. फोटो बघताना मनात आलं, पाहुण्यांना वेरूळ दाखवलंत ते बरंच केलंत. एखाद्या पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला एखाद्या गल्लीतही न्यायला हवं होतं. महिला आणि हवामान, दोन्ही विषय तिथे एकाच नळावर उभे असतात.

आई पुण्याला यायला तयार नाही. मी विषय काढला की म्हणते, ‘‘आम्ही टाकीवाले निघून गेलो, तर बोंब कोण मारणार?’’ बरोबर आहे तिचं. ओरडण्याइतका वेळ आणि ओळखी ज्यांच्याकडे असतात, ते वरचे लोकच आधी शहर सोडतात. आयटी पार्कात बसून गावच्या पाण्यावर जोक फॉरवर्ड करणारे आपण सगळे त्यातलेच.

वीकएण्डला हे बघाच!

* पानचक्की : महमूद दरवाजाजवळ, खाम नदीकाठी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथे आणून त्यावर पिठाची चक्की फिरवली जायची. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत, म्हणून आत मस्त गारवा. सेल्फीआधी पाणी कुठून येतं ते विचारा.

* खाम नदी : वर्षानुवर्षं जिला लोक नाला म्हणत होते, ती नदी. महापालिका, छावणी परिषद, वॅरॉक आणि इकोसत्त्व यांनी मिळून ती स्वच्छ करायला घेतली. सकाळी काठानं चाला. पावसाळ्यात गेलात तर नदीच आहे हे पटेल.

* जायकवाडी : हिवाळ्यात पहाटे निघा, पक्षी अभयारण्य आहे, रोहित दिसले तर नशीब जोरात. परतताना पैठणीचे माग बघा.

* परदेशात शिकताय? : दरवर्षीची ‘कॉप’ कुठे आहे ते बघून ठेवा. दुबई (२०२३), बेलेम (२०२५) इथेही सामान्य लोकांसाठी ग्रीन झोन होता. तिकिटाला पैसे नाहीत. फक्त कुणी ‘तुमच्या खाली कोण?’ असं विचारलं तर उत्तर तयार ठेवा.